रोलर ओढणाऱ्या मुलाची फिरकी

साताऱ्याच्या गोऱ्या साहेबांनी एकदा आपल्या मैदानावर आठवडाभर रोलर फिरवून घेतला होता. कशासाठी? एका माणसाची भीती वाटत होती म्हणून.

गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. साताऱ्याच्या जिमखान्याचा पुण्याच्या हिंदू क्लबबरोबर क्रिकेटचा सामना ठरला होता. पुणेकरांकडे एक डावखुरा गोलंदाज आहे, तो चेंडू हळू टाकतो, पण टप्पा पडला की चेंडू असा काही वळतो की फलंदाज बघत राहतो, हे साताऱ्याला कळलं होतं. म्हणून त्यांनी खेळपट्टी दाबून दाबून इतकी घट्ट करायचं ठरवलं, की चेंडूला वळायला जागाच मिळू नये. सामना झाला. त्या गोलंदाजाने सात बळी घेतले. पुण्यात परतल्यावर त्याची मिरवणूक निघाली.

त्याचं नाव बाळू बाबाजी पालवणकर. मैदानावर रोलर फिरवणं, झाडलोट करणं, जाळ्या बांधणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम होतं! खेळपट्टी दाबली की काय होतं, हे त्याच्याइतकं त्या मैदानात कुणाला ठाऊक असणार?

मुलांनो, आज आपण बाळूची गोष्ट ऐकायची आहे आणि जोडीला चेंडू वळतो कसा हेही शोधून काढायचं आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगताच येत नाहीत, कारण दोन्हींच्या मध्ये माती आहे. आणि मातीबद्दल आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलांना कुणी नव्याने काय सांगणार!

बाळूचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातलं. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे मुलं पुण्यात वाढली. लष्करातले साहेब क्रिकेट खेळून जुन्या झालेल्या बॅटी आणि चेंडू टाकून देत. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम तेच घेऊन खेळायला शिकले. पुढे शिकण्याऐवजी बाळूला कामाला लागावं लागलं. पहिली नोकरी पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात, महिना तीन रुपये. मग 1892 च्या सुमारास साहेबांच्या पूना क्लबात, महिना चार रुपये. काम काय? खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, सरावाच्या जाळ्या लावायच्या, टेनिसच्या मैदानावर पांढरे पट्टे आखायचे. आणि कुणी साहेब सरावाला आला की त्याला चेंडू टाकायचे.

तिथे जे. जी. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. 'जे. जी.' या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'जंगली' ग्रेग म्हणत. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचे आणि बाळूला गोलंदाजी करायला लावायचे. असं सांगतात, की बाळूने त्यांना बाद केलं की ते दर वेळी आठ आणे, म्हणजे अर्धा रुपया, द्यायचे. आठवड्यातून एकदा जरी बाद केलं, तरी महिन्याचा पगार दीडपट! मग बाळू तासन् तास चेंडू टाकत राहिला. टप्पा कुठे पाडायचा, बोट कसं फिरवायचं, चेंडू किती उंच सोडायचा, हे सगळं तो तिथे शिकला.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या क्लबात बाळूने शेकडो तास गोलंदाजी केली, तरी बॅट त्याच्या हातात एकदाही कुणी दिली नाही. बॅट साहेबांची आणि घाम नोकराचा, असा तिथला रिवाज होता. मला हे वाचताना फार राग आला होता, अजूनही येतो.

आता फिरकी. चेंडू सुटताना फिरकी गोलंदाज बोटांनी त्याला पीळ देतो. चांगल्या गोलंदाजाचा चेंडू सेकंदाला पंचवीस-तीस गिरक्या घेऊ शकतो. खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे जवळपास 20 मीटर. हळू टाकलेला चेंडू एवढं अंतर कापायला सेकंदाहून थोडा कमी वेळ घेतो. तेवढ्या वेळात तो हवेत वीसेक गिरक्या घेतो.

फिरणारा चेंडू आपल्या अंगालगतचा हवेचा पातळ थर सोबत ओढतो. त्यामुळे चेंडूच्या मागे सुटणारी हवा सरळ मागे न जाता एका बाजूला ढकलली जाते. चेंडूने हवेला एका बाजूला ढकललं की हवा चेंडूला दुसऱ्या बाजूला ढकलणार, हा न्यूटनचा नियम. म्हणून चेंडू हवेतच थोडा सरकतो, नाहीतर फलंदाजाला वाटलं होतं त्याच्या अलीकडेच खाली येतो. हाइनरिश माग्नुस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1852 मध्ये याचा अभ्यास केला, म्हणून याला माग्नुस परिणाम म्हणतात.

हे घरी करून बघता येतं. वहीचा एक कोरा कागद घ्या आणि त्याची हाताच्या मुठीएवढी जाड नळी करून चिकटवा. टेबलाच्या कडेशी एक पाटी किंवा मोठं पुस्तक तिरपं लावा. नळी त्यावरून गडगडत सोडा. नळी टेबलावरून पुढे उडेल असं वाटतं ना? ती खाली पडता पडता वळते आणि टेबलाच्या खालच्या बाजूला जाते. पंखा मात्र बंद ठेवा. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते. भावंडांना दाखवण्याआधी दोन-चार वेळा सराव करून घ्या.

हवेतला हा खेळ झाला. खरी गंमत टप्प्यावर होते. सायकल स्टँडवर लावून मागचं चाक जोरात फिरवा आणि ते फिरत असतानाच सायकल जपून स्टँडवरून खाली ढकला. चाक जमिनीला टेकलं रे टेकलं की सायकल पुढे उसळी मारते, कारण चाकाने जमिनीला मागे रेटलेलं असतं आणि जमिनीने चाकाला पुढे. आडवा पीळ घेऊन आलेल्या चेंडूचंही टप्प्यावर हेच होतं, फक्त तो पुढे उसळण्याऐवजी बाजूला वळतो. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर जातो. फलंदाज सरळ रेषेत बॅट घालतो आणि चेंडू कड घेऊन मागे यष्टिरक्षकाच्या हातात!

पण हे सगळं घर्षणावर अवलंबून. फरशीवर टेनिसचा चेंडू पीळ देऊन टाका, मग मातीवर टाका, फरक लगेच दिसेल. जमीन खरखरीत, जराशी भुसभुशीत असेल तर चेंडू तिला क्षणभर धरतो आणि वळतो. काचेसारखी घट्ट असेल तर नुसता घसरून जातो. साताऱ्याचे साहेब रोलर फिरवत होते ते याच हिशेबाने.

आणि इथे आपली काळी माती येते.

एप्रिल-मेमध्ये कपाशीच्या रिकाम्या शेतात जाऊन बघा. भेगा अशा पडलेल्या असतात की मनगट आत जावं. तीच माती जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर चपलेला अशी चिकटते की चप्पल तिथेच सोडून अनवाणी घरी यावं लागतं. असं का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. त्याचा झाला काळा खडक, बेसॉल्ट. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला ज्या डोंगरावर आहे, तो याच खडकाचा. हा खडक झिजून झिजून काळी माती तयार झाली. या मातीतले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की एका मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही लहान. या चपट्या कणांमध्ये पाणी शिरतं, कण एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी उडालं की कण जवळ येतात, माती आक्रसते आणि भेगा पडतात. अशा कणांना माँटमोरिलोनाइट म्हणतात. नाव अवघड आहे, पण खानदेशातला प्रत्येक शेतकरी त्याच्याशी रोज झुंजतो!

खेळपट्टीला असली चिकणमाती लागतेच, नाहीतर ती बांधून राहणार नाही. पाणी मारायचं, माती फार ओली नाही आणि फार कोरडी नाही अशी व्हायची वाट बघायची आणि मग रोलर फिरवायचा. रोलर मातीतली हवा पिळून काढतो. वापसा आल्याशिवाय शेतात औत घालत नाहीत, हे तुमच्या घरी सगळ्यांना माहीत असतं. मैदान राखणाऱ्याचंही तसंच आहे. ओल जास्त असताना रोलर घातला तर माती रोलरलाच चिकटून उपटून येते, कोरडी असताना घातला तर वरचा थर नुसता चुरडतो. बरोबर वेळ साधली की घट्ट, गुळगुळीत खेळपट्टी तयार होते. मग सामना सुरू होतो. ऊन लागतं, पाणी उडतं, बारीक भेगा पडतात, बुटांच्या खिळ्यांनी माती मोकळी होते. सामना जसा लांबतो तसा फिरकी गोलंदाज खूश होत जातो.

माझं मत विचाराल तर पूना क्लबाचा रोलर हा बाळूचा मोठा गुरू. जो माणूस रोज पहाटे हातांनी माती चाचपतो, ती कुठे ओली आहे आणि कुठे सुटली आहे ते बघतो, त्याला दुपारी चेंडूचा टप्पा कुठे पाडायचा हे कळणारच. सात दिवस दाबलेल्या खेळपट्टीवर सात बळी उगीच मिळत नाहीत.

आता थोडं कठीण बोलायचं आहे, पण बोललंच पाहिजे. बाळू चांभार समाजातला होता. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायला बाळू हवा होता, म्हणून त्याला संघात घेतलं. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून कपातून चहा प्यायचे आणि बाळूला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. चेंडूचं वरचं आवरण कशाचं असतं? कातड्याचं. कातड्याचं काम करणाऱ्या माणसांना शिवायचं नाही, असं मानणारे लोक तोच कातड्याचा चेंडू झेलून आनंदाने टाळ्या पिटत होते. साताऱ्याच्या विजयानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी या वागण्याबद्दल संघाला जाहीरपणे टोकलं. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल होता.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले. (आता ते मोठे झाले, आपणही त्यांना 'अहो-जाहो' करू.) बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातही जागा मिळाली. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचावरून अमळनेरला येणाऱ्या लोहमार्गावर त्या काळी गाड्या चालवणारी कंपनी तीच बरं का!

मग उजाडला 1906 सालचा फेब्रुवारी. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना. त्या काळी संघ असे धर्मावरून आणि वंशावरून पडायचे. हिंदूंचा पहिला डाव 242, युरोपियनांचा 191. दुसऱ्या डावात हिंदू 160. जिंकायला युरोपियनांना किती धावा हव्या होत्या, तुम्हीच काढा. बाळूंची फिरकी खेळपट्टीवर वळू लागली आणि साहेबांचा डाव 102 धावांत आटोपला. हिंदू 109 धावांनी जिंकले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून गावोगाव चर्चा झाली. पुढच्या वर्षी विजय आणखी मोठा होता, 238 धावांचा.

1911 साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग कर्णधार, संघात हिंदू, मुसलमान, पारशी, शीख सगळे. बाळूंबरोबर शिवरामही होते. संघाने तिथे बरेच सामने गमावले, पण बाळूंनी त्या एका उन्हाळ्यात 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एका डावात आठ. आणि कुठल्या मातीवर? तिथली हवा थंड, माती ओलसर, गवत दाट. सगळंच नवं!

त्याच इंग्लंडमध्ये त्या वेळी एक फुटबॉलपटू होता, त्याचीही ओळख करून देतो. स्टीव्ह ब्लूमर. जन्म 1874, म्हणजे बाळूंपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा. वडील लोहार. बाळू पूना क्लबात लागले त्याच सुमारास, 1892 मध्ये, ब्लूमर डर्बी काउंटी या संघाकडून खेळू लागला. जमिनीलगत सरपटत जाणारे फटके मारण्यात तो पटाईत. इंग्लंडसाठी 23 सामन्यांत त्याने 28 गोल केले. तेव्हाचा फुटबॉलही कातड्याचा, वर नाडी बांधलेली. पावसात तो पाणी प्यायचा आणि जड व्हायचा. डोक्याने मारायचा म्हणजे धाडसच! फुटबॉलला बाजूने लाथ बसली की तोही पीळ खातो आणि हवेत वळतो, इथेही माग्नुसच.

पैसे घेऊन खेळणाऱ्याकडे तिथेही जरा खालच्या नजरेनेच बघत. 1901 मध्ये नियम झाला, की कितीही मोठा फुटबॉलपटू असो, आठवड्याला चार पौंडांहून जास्त पगार द्यायचा नाही. क्रिकेटमध्ये तर हौशी खेळाडू 'जंटलमन' आणि पैसे घेणारे नुसते 'प्लेअर'. एकाच संघात असूनही दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या असायच्या. हा भेद तिथे 1962 साली संपला. पण इंग्लंडमधल्या लोहाराच्या मुलाला कुणी वेगळ्या भांड्यात चहा दिला नाही. म्हणून ब्लूमरपेक्षा बाळूंची वाट कितीतरी जास्त चढणीची होती, असं मला वाटतं.

ब्लूमरचं पुढे काय झालं? 1914 मध्ये तो बर्लिनला फुटबॉल शिकवायला गेला आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मनांनी तिथल्या इंग्रजांना रुलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नजरकैदेत ठेवलं. तिथेही त्या कैद्यांनी फुटबॉल आणि क्रिकेटचे सामने भरवले, आणि ब्लूमर खेळत राहिला.

इकडे बाळू खेळतच होते. पालवणकरांच्या घरातून आता चार भाऊ मैदानात होते: बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. बाळूंचा अनुभव सगळ्यांत दांडगा, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळेना. कारण एकच, जात. 1920 साली ही गोष्ट असह्य झाली आणि पालवणकर बंधूंनी सामन्यातून अंग काढून घेतलं. वर्तमानपत्रांतून, सभांतून लोक त्यांच्या बाजूने बोलू लागले. शेवटी बाळूंना उपकर्णधार करावं लागलं. 1923 साली मात्र विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं.

बाळूंनी पहिल्या दर्जाचे 33 सामने खेळून 179 बळी घेतले. एका बळीमागे त्यांनी सरासरी फक्त 15 धावा दिल्या. भारत पहिला कसोटी सामना खेळला तो 1932 मध्ये. तेव्हा बाळू पन्नाशीच्या पुढे गेले होते, त्यामुळे कसोटीच्या यादीत त्यांचं नाव नाही. म्हणूनच की काय, पुढे लोक त्यांना विसरत गेले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून त्यांची गोष्ट पुन्हा जगासमोर आणली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचं फार कौतुक होतं. पण 1937 च्या फेब्रुवारीत मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत हे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले, बाळू काँग्रेसकडून. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. त्याच वर्षी 31 जुलैला बाबासाहेब धुळ्याला एका खटल्यासाठी आले आणि लळिंगच्या रानातल्या लांडोर बंगल्यावर राहिले. दर वर्षी त्या दिवशी तिथे मोठी गर्दी जमते. तुम्हीही गेला असाल. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथली मूठभर माती घरी आणा.

कशाला? शेवटचा प्रयोग त्याच मातीचा. कपाशीच्या शेतातली काळी माती आणि नदीकाठची वाळूमिश्रित माती अशी दोन ढेकळं हवीत, गिरणेची असो, पांझरेची असो, तापीची असो. लळिंगची माती ही तिसरी. प्रत्येक माती कुटून, भिजवून, कणकेएवढी घट्ट मळा. तीन सारख्या झाकणांत काठोकाठ दाबून भरा आणि प्रत्येकीवर बरोबर पाच सेंटिमीटर लांबीची रेघ टोकदार काडीने ओढा. झाकणं गच्चीवर उन्हात ठेवा. रोज संध्याकाळी पट्टीने तिन्ही रेघा मोजा आणि वहीत लिहा. भेग पहिल्यांदा कुठल्या झाकणात पडली, कुठल्या दिवशी, तेही लिहा. माती पूर्ण वाळली की तिन्हींवर टेनिसचा चेंडू आपटून आवाज ऐका, आणि यांपैकी कुठल्या मातीची खेळपट्टी बाळूंनी आपल्यासाठी निवडली असती, ते तुमच्या आकड्यांवरून ठरवून आम्हाला कळवा.